तीच गाडी

कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढणाऱ्या भरल्या गाडीचं इंजिन अचानक मोकळं सुटल्यासारखं ओरडायला लागतं. ॲक्सिलरेटर दाबावा तसा आवाज चढत जातो, पण गाडीचा वेग वाढत नाही. पाठोपाठ केबिनमध्ये जळका, उग्र वास भरतो. हा वास एकदा नाकात बसला की ड्रायव्हर तो जन्मभर विसरत नाही. क्लच गेला.

ज्याच्या दारात दहा-वीस गाड्या उभ्या असतात त्याचं काम वर्कशॉपला एक फोन केला की भागतं. ज्याच्याकडे एकच टाटा ४०७ किंवा एकच पिकअप आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. गाडी थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून गावोगावी क्लचप्लेट घराच्या अंगणातच बदलली जाते. भाऊ, मेहुणा, शेजारचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा, दोन जॅक, लाकडी ओंडके, पान्यांचा डबा आणि एक ताडपत्री एवढ्यावर काम निघतं. हे काम करणारी माणसं एका फार जुन्या प्रश्नाला प्रत्यक्ष हात घालत असतात. जिचा एकेक भाग बदलत जातो ती गाडी 'तीच' कशी राहते? बदलत जाणाऱ्या गोष्टीत टिकतं ते नेमकं काय? देह, देऊळ, मूर्ती, घराणं या सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे आणि त्यावर भारतात दोन हजार वर्षं कडाक्याचा वाद झालेला आहे.

आधी ते झिजणं कशामुळे, हे पाहायला हवं. डिझेल इंजिन चालू असताना फिरतच राहतं. गाडीची चाकं मात्र सिग्नलला, नाक्यावर, गोठ्यासमोर थांबतात. थांबलेल्या चाकांची फिरत्या इंजिनाशी गाठ घालून द्यायची तर मध्ये कुणीतरी थोडा वेळ घसरावं लागतं. ते काम क्लचप्लेट करते. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर क्लचप्लेटला त्या फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लचप्लेटच्या मधल्या हबमधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेल्या असतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरना रेटतं आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडताना दोन वेगवेगळे वेग एकमेकांना भेटतात आणि एक होईपर्यंत प्लेट घसरत राहते. त्या क्षणात तिच्यावरचं फेसिंग, म्हणजे घर्षणाचं अस्तर, कणाकणाने खर्च होतं. ड्रायव्हर सतत हाफ क्लचवर गाडी चालवणारा असेल किंवा त्याला पेडलवर पाय ठेवून बसायची सवय असेल, तर ते फार लवकर संपतं. डिझेल इंजिनाचा टॉर्क कमी आरपीएमलाच जोरदार मिळतो, त्यामुळे भरल्या गाडीत हा भार आणखी वाढतो.

अजिबात न घसरणारी जोडणी बसवली तर गाडी प्रत्येक वेळी हिसका खाईल. तो हिसका गिअरच्या दात्यांवर, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर आणि ॲक्सलवर जाईल. क्लच झिजतो म्हणून बाकीची गाडी शाबूत राहते. काही भागांचं झिजणं हीच गाडीच्या टिकण्याची अट आहे.

अंगणातलं काम सुरू होतं ते सावधपणे. गाडी सपाट जागी घ्यायची, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरायचं नसतं, कारण हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल याचा नेम नाही. चेसिसखाली स्टँड किंवा जाड ओंडके लागतातच. मग प्रोपेलर शाफ्टची पाळी. शाफ्टचे बोल्ट सोडण्याआधी जाणता माणूस समोरासमोरच्या दोन्ही फ्लँजांवर मिळून एक आडवी खूण करतो, पेंटची किंवा छिन्नीची. शाफ्ट पूर्वीच्याच जागी बसला नाही तर त्याचा तोल बिघडून गाडी थरथरू शकते. त्यानंतर गिअरची लिंक, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, एकेक सुटत जातं. बेलहाउसिंगचे बोल्ट निघाले की गिअरबॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. त्याचं वजन मध्येच लोंबकळलं तर शाफ्ट आणि हब दोन्हींना इजा होते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल करायचे. एका बाजूचा ताण एकदम सोडला तर तिचं कव्हर वाकतं. शेवटचा बोल्ट निघाला की जुनी प्लेट हातात येते. फेसिंग इतकं झिजलेलं असतं की रिव्हेटची डोकी त्याच्या पातळीला आलेली असतात. कडेला काचेसारखी चकाकी, हबमधली एखादी स्प्रिंग सैल, फ्लायव्हीलवर उष्णतेने उमटलेले निळसर डाग. आतली काळी भुकटी हवा मारून उडवायची नसते. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं तर वर्षानुवर्षांनी जिवावर उठतं. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यायची. क्रँकच्या मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही आताच बदलायचं, नाहीतर नवी प्लेट तेलात भिजून वाया जाते.

दुपारपर्यंत ताडपत्रीवर सगळं मांडलेलं असतं. शाफ्ट, गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, बेअरिंग, डब्यांत वेगवेगळे ठेवलेले बोल्ट. बाजूला ओंडक्यांवर उभा असलेला सांगाडा. आता गाडी कुठे आहे?

हाच प्रश्न नागसेन नावाच्या भिक्षूने मिलिंद राजाला विचारला होता. मिलिंद म्हणजे इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पंजाबच्या बाजूला राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट असं मानलं जातं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातल्या प्रसंगात राजा रथातून आला आहे. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? सांगाडा, जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सगळे मिळून रथ? तेही नाही. या सगळ्यांखेरीज वेगळा असा कुठे रथ आहे? तोही नाही. अखेर राजाच्याच तोंडून येतं की या भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालतं. नागसेन म्हणतो, माणसाचंही तसंच आहे. शरीर, संवेदना, विचार, जाणीव यांच्या आधाराने एक नाव चालतं. आत कुणी न बदलणारा मालक बसलेला नाही.

ताडपत्रीसमोर उभं राहून हा युक्तिवाद ऐकला तर तो पटतो. गाडीचा आत्मा म्हणून बोट ठेवावं असा एकही भाग तिथे सापडत नाही. पण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, गप्प बसणारे नव्हते. गौतमाच्या न्यायसूत्रांत आणि त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात त्यांनी उलट बाजू मांडली. अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असते. त्यांचा एक पुरावा तर थेट रस्त्यावरचा वाटावा असा आहे. एका भागाला धरून ओढलं की सगळी वस्तू ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातातला भाग तेवढा आला असता, बाकीचे जागीच राहिले असते. बंद पडलेल्या ट्रकच्या पुढच्या हुकाला दोर बांधला की मागचा दिवासुद्धा सोबत येतो. ताडपत्रीवरचा गिअरबॉक्स उचलला तर बेअरिंग जागचं हलत नाही. सकाळची गाडी आणि दुपारचा पसारा यांत खरा फरक आहे, नुसता नावाचा नाही, हे न्यायाचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही.

पुढे मात्र हेच दर्शन सामान्य माणसाला चक्रावून टाकतं. अवयवी जर आपल्या अवयवांत राहत असेल, तर एक अवयव गेला की तो अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या किंवा नव्या अवयवांतून दुसराच अवयवी जन्माला येतो, असं न्यायाला आणि त्याच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनाला मानावं लागलं. वाढत्या मुलाचं शरीरसुद्धा त्यांच्या मते तेच राहत नाही. या हिशेबाने क्लचप्लेट बदलून बाहेर निघालेली गाडी ही नवीच गाडी. वस्तूचं खरेपण ज्यांनी सर्वांत हिरिरीने राखलं, त्यांच्याच हातून तिचं सातत्य सुटलं.

जैन विचारवंतांनी हा पेच वेगळ्या बाजूने धरला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे काय याची व्याख्या आहे. जे उत्पन्न होतं, नाहीसं होतं आणि टिकूनही राहतं, ते सत्. तिन्ही एकाच वेळी. समंतभद्र या आचार्यांनी याला सोन्याचा दाखला दिला. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला, तर घडा हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला सुखावतो आणि ज्याला फक्त सोनं हवं त्याला काहीच फरक पडत नाही. तिघांच्याही भावना खऱ्या आहेत, कारण तिघेही वस्तूची खरीच बाजू पाहत आहेत. भाडं ठरवणारा व्यापारी, जुनं लोखंड विकत घेणारा भंगारवाला आणि तीस वर्षं तीच गाडी चालवलेला ड्रायव्हर यांनाही ताडपत्रीवर तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतील. पण सोनं तरी वितळूनही सोनंच राहतं. गाडीत तसं सोनं कोणतं?

धर्माच्या व्यवहारात या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर दिलं जातं. आत काहीतरी आहे, ते बदलत नाही, बाकीचं बदललं तरी चालतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुनी वस्त्रं टाकून नवी नेसण्याचा दाखला सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर हे त्याचं सर्वांत भव्य रूप. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी तिथल्या कडुनिंबाच्या मूर्ती नव्या घडवल्या जातात. १९७७, १९९६ आणि २०१५ मध्ये हा विधी झाला. रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी आणि हाताला कापड गुंडाळून, दैतापती सेवक जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारात समाधी दिली जाते. लाकूड गेलं, जगन्नाथ तोच राहिला. भाविकाच्या दृष्टीने या उत्तरात काहीही उणं नाही. गाडीच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही. वस्त्राच्या दाखल्यात वस्त्र बदलणारा वस्त्राहून वेगळा उभा असतो. गाडीतले सगळे भाग बाजूला केले तर मागे कुणी उरत नाही.

सरकारने मात्र गाडीला एक ब्रह्मपदार्थ नेमून दिलेला आहे. चेसिस नंबर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालच्या नोंदणीत चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. इंजिन बदललं तर आरटीओत त्याची नोंद करावी लागते. क्लच, गिअरबॉक्स, टायर, फाळका कितीही वेळा बदला, कागदावर गाडी तीच. कायद्याचं हे उत्तर सोयीचं आहे आणि सोयीसाठीच आहे. त्याची मर्यादा चोरांना सर्वांत आधी कळते. ते नंबर घासून दुसरा ठोकतात. मग न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तज्ज्ञ तो भाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचं द्रावण लावतात. मूळ नंबर ठोकताना खालच्या धातूच्या रचनेत पडलेला ताण वरचा थर घासला तरी पुष्कळदा शिल्लक असतो आणि अंक हळूहळू पुन्हा दिसू लागतात. म्हणजे नंबरालाही खरेपण येतं ते त्या पत्र्याच्या पूर्वायुष्यामुळे. गाडीची ओळख शोधताना कायदासुद्धा शेवटी इतिहासाकडेच वळतो.

आणि इतिहास आपोआप घडत नाही, हे अंगणात दुसऱ्या दिवशी दिसतं.

दुसऱ्या दिवशीचं काम जोडणीचं. नव्या प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते छापलेलं असतं. उलटी बसवली तर सगळी मेहनत पाण्यात. प्रेशर प्लेट पक्की करण्याआधी क्लचप्लेट बरोबर मध्यावर यायला हवी. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा एखादा शाफ्ट डमी म्हणून आत घालून ठेवतात. मग बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळत न्यायचे. हबच्या खाचांना ग्रीसचं बोट फिरवायचं, पण पुसटसं, कारण जास्त झालं तर ते फेसिंगवर उडतं. गिअरबॉक्स आत सरकवताना शाफ्ट खाचांत बसत नाही, तेव्हा कुणीतरी गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने हळूहळू फिरवतो, दुसरा गिअरबॉक्स पेलून धरतो, तिसरा फटीतून टॉर्च मारतो. खटकन आवाज येतो आणि बेलहाउसिंग इंजिनाला टेकतं. प्रोपेलर शाफ्ट जोडताना फ्लँजवरच्या दोन खुणा एका रेषेत येतात. पेडलचा फ्री प्ले जुळवला जातो.

नागसेन आणि नैयायिक यांच्यामध्ये राहून गेलेली जागा इथे सापडते. कुठलाही एक भाग गाडी नाही, हे नागसेनाचं म्हणणं बरोबर. नुसता ढीगही गाडी नाही, हे न्यायाचं म्हणणंही बरोबर. ढिगाची गाडी होते ती जोडणीमुळे, आणि जोडणी ही कुणीतरी केलेली कृती असते. ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. 'तीच गाडी' हा गाडीत दडलेला गुण मानला की तो शोधत बसावं लागतं आणि तो सापडत नाही. ते राखलेलं नातं मानलं की प्रश्न सुटायला लागतो. फ्लँजवर खूण करणाऱ्याने पूर्वीची गाडी पुढच्या गाडीकडे सोपवली. खूण केलीच नसती तर भाग तेच राहिले असते आणि गाडी मात्र थरथरणारी, वेगळी झाली असती.

जपानमधल्या इसे इथल्या शिंतो मंदिराकडे पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. दर २० वर्षांनी ते शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसंच्या तसं बांधतात. २०१३ मध्ये ६२ वी वेळ होती. तिथली तुळई प्राचीन नाही, खांबही नाही. प्राचीन आहे ती सुतारकी. २० वर्षांपूर्वी हाताखाली काम केलेला पोरगा पुढच्या खेपेला मिस्त्री होऊन उभा राहतो. मंदिराचं सातत्य त्याच्या हातांतून चालत येतं. खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाने, पकडी, जॅक मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालतात. ती पूजा लोखंडाची म्हणून पाहिली तर दर वर्षी वेगळ्याच लोखंडाची होते. जोडणाऱ्या हातांची आणि त्यांच्या कसबाची म्हणून पाहिली तर तिला अर्थ येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ओळख जर माणसांनी राखलेली असेल, तर ती सोडून देणंही माणसांच्या हातात नाही का? मिलिंदपञ्हात हाच आक्षेप येतो आणि त्याला नागसेनाने दिलेलं उत्तर रथाच्या युक्तिवादाहूनही मोलाचं आहे. मरणारा आणि पुन्हा जन्मणारा एकच नसेल, तर आधीच्या पापातून सुटका झाली का, असं राजा विचारतो. नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. चोर राजासमोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजा त्याला सोडील का? नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आले. आत कायमचं काही नसलं तरी कारणांची साखळी तुटत नाही, आणि जबाबदारी त्या साखळीवरून चालत येते.

बँकेचा हप्ता याच साखळीवर चालतो. गाडीचा अर्धा सांगाडा बदलला म्हणून कर्ज अर्धं होत नाही. गेल्या वर्षीच्या अपघाताचा दावा नव्या क्लचमुळे रद्द होत नाही. माणसाचंही असंच. वीस वर्षांपूर्वी ज्याने शब्द दिला त्याचं शरीर, मतं, स्वभाव सगळं बदललेलं असेल, तरी शब्द त्यालाच पाळायचा असतो. तो पाळतो तेव्हाच तो 'तोच माणूस' असल्याचं इतरांना कळतं.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती गाडी विकताना. काढलेली क्लचप्लेट तोवर नवं फेसिंग मारून कदाचित दुसऱ्याच एखाद्या टेम्पोत फिरत असते. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये 'दे कोर्पोरे'त विचारलं होतं की एकेक फळी बदलत राखलेल्या थीसियसच्या जहाजाच्या काढून टाकलेल्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? कुर्ल्याच्या भंगार बाजारात असे सुटे अवशेष रोज हात बदलतात, तरी तिथल्या कुणाला खरी गाडी कोणती याचा संभ्रम पडत नाही. कारण जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधीच विचारतो, "क्लच कधी टाकला? कुणी टाकला? फ्लायव्हील लेथवर तासून घेतलं होतं का?" हे विचारताना त्याला भागांची यादी नको असते. त्याला गाडीचं आयुष्य विकत घ्यायचं असतं, आणि ते आयुष्य त्या घडीला फक्त विकणाऱ्याजवळ असतं. त्याने खरं सांगितलं तर अंगणातल्या त्या दोन दिवसांचं काम गाडीबरोबर पुढे जातं. खोटं सांगितलं तर चेसिस नंबर जुळूनही घेणाऱ्याच्या हाती दुसरीच गाडी पडते, आणि घाटात पहिल्यांदा भरून नेताना ते त्याला कळतं.